भाऊजी, माझी उतरवण राहिली

भाऊजी, आज श्रीकांत आला होता. चपला काढून किती वेळ दारातच उभा. मी म्हटलं, ये रे, बस. तर बसला तो पण खुर्चीच्या काठावर, जसं कोणी मागून हाक मारणार आहे. नाटक मंडळाचा सेक्रेटरी झाल्यापासून तो असाच बसतो. सांगत होता, तुमची शोकसभा रविवारी ठेवली आहे, आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये. फोटोला हार, दोन भजनं, चार जण बोलतील, मग चहा. आणि महिन्या-दीड महिन्याने तुमच्या नावाची स्मरणिका निघणार आहे. त्यात वहिनींनी पण लिहावं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

मी म्हटलं, अरे मी चौथी शिकलेली बाई, मी काय लिहू? तर म्हणाला, जसं बोलता तसंच लिहा, मी शुद्ध करून घेईन. मग दाराकडे एकदा बघून हळूच म्हणाला, "फक्त वहिनी, त्या नाटकाचं तेवढं नको. बाकी सगळं लिहा."

बाकी काय राहिलं हो भाऊजी? तुम्ही मास्तर होतात, रिटायर झालात, शुगर होती, हे लिहू? ते तर पेपरात छोट्या चौकोनात आलंच. म्हणून मी हे तुम्हालाच लिहून राहिले. श्रीकांतला जिथे कापायचं तिथे तो कापेल. तुम्हाला तर पूर्ण मिळेल.

त्या नाटकाचं नाव आता कोणी घेत नाही. सगळे 'ते नाटक' म्हणतात, म्हणून मी पण तसंच म्हणते. तेरावं झालं, पाहुणे गेले, विलास दुकानावर जायला लागला. जायच्या आधी एक दिवस मला म्हणाला, आई, तुझ्या पलंगाखालचं ते सामान आता काकांबरोबरच गेलेलं बरं, नर्मदेत सोडून येतो. ते सामान म्हणजे ट्रंकेतला मुकुट आणि हिरवा शालू. मी म्हटलं, असू दे. तो म्हणाला, कोणी विचारलं तर? मी म्हटलं, पलंगाखाली कोण बघायला येतं? पोटचा पोर आहे, पण त्याच्या तोंडावर जी भीती दिसली ती मी ओळखते. ती माझीच आहे. त्याने माझ्याकडूनच घेतली.

मी या घरात आले तेव्हा तुम्ही हाफ पँटीत होतात. धारच्या शिंप्याची मुलगी देवासच्या शिंप्याच्या घरी दिली. माझे आजे तिथल्या दरबारातल्या लोकांचे अंगरखे शिवायचे, तुमचे इथल्या. दरबार गेले, मशीन राहिली. मग तुमचे दादा पण गेले. विलास तेव्हा रांगत होता. शेजारी म्हणाले, दिराला कुठे तरी कामाला लाव, घरात दोन हात होतील. मी म्हटलं, हात माझे आहेत. सकाळी साहेब लोकांच्या दोन घरी भांडी घासायची, दुपारपासून मशीन. रडायला सवड नव्हती म्हणून रडले नाही. लोक म्हणायचे, बाई घट्ट आहे. मी काही घट्ट नव्हते. कामाला होते.

तुम्ही मशीनपाशी बसून मोठ्याने वाचायचात. आधी शाळेचं, मग नाटकांचं. मी पायडल मारता मारता ऐकायचे. कुठे काही लागलं मनाला तर पाय आपोआप थांबायचा. तुम्ही लगेच वर बघायचात. पुढे तुम्ही स्वतः नाटकं लिहायला लागलात तेव्हा पण तसंच. मला सांगायचात, वहिनी, तुमचा पाय थांबला की मी समजतो, हे ठेवायचं. मला कधी कोणी इतकं मोठं समजलं नाही भाऊजी. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. दिराला काय सांगायचं असलं, म्हणून राहून गेलं. लग्न केलं नाहीत, जेवायला खाली माझ्याकडे, झोपायला वर. आपण भांडलो पण खूप. मीठ, पंखा, विलासचं शिक्षण, सगळ्यावर. मोठं भांडण मात्र एकच झालं. ते अजून मिटलेलं नाही.

आपल्या मंडळाची एक रीत आहे. नवीन मुलांना माहीत नाही, म्हणून मांडून ठेवते. देवाचं काम करणाऱ्याला कपडे मी घालायचे, मुकुट तुम्ही ठेवायचात. नाटक बसवणाऱ्यानेच तो ठेवायचा आणि त्यानेच काढायचा. मुकुट चढला की त्या माणसाला नावाने हाक नाही. त्याला चहा नाही, बिडी नाही, त्याच्याशी घरच्या-बाजाराच्या गोष्टी नाहीत. त्याने पाटावर बसायचं. खेळ संपला की तुम्ही दोन्ही हातांनी मुकुट काढायचात, नारळ फोडायचात आणि म्हणायचात, देवा, आलात, बरं वाटलं, आता आपल्या ठिकाणी जा. याला आपण उतरवण म्हणतो. उतरवण झाली की मग तो माणूस परत माणूस.

केशव आठवतो का? विष्णू झाला होता आणि मध्येच लाइट गेली. लाइट येईना आणि विष्णू पाटावर बसलेला. बिचारा सारखा दोन बोटं ओठांना लावून मला खुणा करत होता. मी तुम्हाला सांगितलं, देव बिडी मागतायत. तुम्ही त्याच्यासमोर हात जोडलेत आणि म्हणालात, "देवा, भक्तांची परीक्षा पाहू नका." केशव आतल्या आत शिव्या देत होता, पण हलला नाही. रीत म्हणजे रीत.

ते नाटक तुम्ही लिहिलंत तेव्हा मी मशीनवर परकर शिवत होते. टेकरीवरची देवी असते. वर गर्दी, घंटा, मोबाइल, तिला कोणी धड बघत पण नाही, सगळे तिच्याकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढतात. एके दुपारी ती डोक्यावरून जाडी शाल घेऊन खाली गावात येते. घरोघरी पाणी मागते. कोणी देत नाही. एका घरची बाई म्हणते, आधी एवढी भांडी घासून दे. देवी बसते घासायला. तिथेच राहते, ती बाई जे देईल ते खाते. शेवटी निघते तेव्हा परत पाणी मागते, आणि त्या वेळी ती घरची बाई स्वतः तांब्या भरून आणते. देवी पिते आणि म्हणते, "पाणी पोचलं. आता वर जाते." संपलं.

माझा पाय भांड्यांपाशी थांबला होता. नंतर पाण्यापाशी. तुम्ही वही मिटवलीत. मग देवीच्या कामाला बाई मिळेना. एक होती, तिची सासू नाही म्हणाली. दुसरीचा नवरा. तेव्हा तुम्ही मला म्हणालात, वहिनी, तुम्ही करा. मी हसले. सत्तरी उलटलेली बाई, जन्मभर पडद्याच्या मागे. तुम्ही म्हणालात, मला तोंड नको, तुमचे हात पाहिजेत. वाचून पाठ करायचं नव्हतं, ऐकून तर मला सगळं येतच होतं. म्हणून मी हो म्हटलं. आणि खरं सांगते, मला ते करायचं पण होतं.

घोर पहिल्या दिवसापासून होता. तालमीला एकाने विचारलं, ही देवी कोणती, मोठी माता की छोटी माता? टेकरीवर दोघी बहिणी आहेत, तर प्रश्न बरोबर होता. तुम्ही म्हणालात, कोणतीच नाही, माझ्या मनातली. तो म्हणाला, "मनातली नहीं चलेगी भिया. लोक विचारतील." तेव्हा सगळे हसले. मला हसू आलं नाही. लोक विचारतील हे वाक्य माझ्या कानात जाऊन बसलं.

मग कोणी तरी तालमीचा फोटो काढला. मी हिरवा शालू नेसलेली, कपाळभर कुंकू, हातात राख आणि पुढे कढई. तो फोटो कुठल्या तरी ग्रुपवर गेला. खाली कोणी काही लिहिलं नव्हतं. नुसती प्रश्नचिन्हं. विलासच्या बायकोने, अर्चनाने, मला दाखवलं. ही चिन्हं कोणी टाकली ते नाव नव्हतं, नंबर होता, आणि तो नंबर ओळखीचा नव्हता.

त्यानंतर फोन सुरू झाले. भाऊजी, मला अजून समजत नाही, विरोध कोणी केला? एक माणूस मला दाखवा. जो फोन करायचा तो म्हणायचा, मला काही नाही हो, मला तर आवडलं, पण लोक. तुम्ही पोलीस थान्यात स्वतः गेलात परवानगी मागायला. तिथले साहेब चांगले, चहा पाजला त्यांनी. म्हणाले, "मास्साब, हम मना थोड़े ही कर रहे हैं. आप खुद समझदार हैं." तुम्ही घरी येऊन जेवताना तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होतात, समझदार, समझदार, जसं दातात काही अडकलं आहे. दुसऱ्या दिवशी हॉलवाल्यांनी सांगितलं, वायरिंगचं काम निघालं. नवरात्रात निघालं.

टेकरीच्या पायथ्याशी एक फुलवाला आहे, तो नाराज आहे असं सगळे म्हणत होते. तुम्ही त्याच्याकडे पण गेलात. तो म्हणाला, मैंने तो सुना आपने खुद बंद कर दिया, मैं तो माँ को लेके आने वाला था. तुम्ही हे मला सांगितलंत आणि म्हणालात, बघा वहिनी, भूत कुठेच नाही. मी म्हटलं, भूत नाही म्हणूनच भीती आहे. असतं तर त्याला काही देऊन-घेऊन शांत केलं असतं.

आणि मग ते भांडण. तुम्ही म्हणत होतात, हॉल नाही तर नाही, चौकात करू, सतरंजी टाकून करू. मी म्हटलं, "भाऊजी, राहू द्या. विलासच्या दुकानाला पुढून सगळी काच आहे."

तुम्ही म्हणालात, "काचेसाठी देवी बंद करायची?"

"काच फुटली तर देवी भरून देणार नाही. ती वर राहते. आम्ही खाली राहतो."

तुम्ही ताट तसंच सोडून वर गेलात. नंतर कितीतरी दिवस अर्चना जिन्यात डबा ठेवायची आणि तुम्ही उचलून न्यायचात. मी तेव्हा भीत होते आणि आज पण भीते. त्यात मी चुकले असं मला वाटत नाही. ज्याने आयुष्यभर एक एक वस्तू जोडली त्याला काचेचा आवाज आधी ऐकू येतो. तुम्हाला तो येत नव्हता कारण तुमचं काहीच काचेचं नव्हतं. हे मी तुम्हाला तेव्हा म्हणाले असते तर तुम्हाला लागलं असतं. आता म्हणते. आता काय लागायचं आहे.

तरी धारला मी आलेच. दिवाळी झाल्यावर तुम्ही एकदम खाली जेवायला आलात आणि म्हणालात, धारला बबन हॉल देतो म्हणतो. बबन माझ्या भावाचा मुलगा. मी म्हटलं, जे देवासला झालं नाही ते धारला कसं होईल? तिथे तर वर्षात काही दिवस असे येतात की रस्त्याला पोलिसांचे कठडे लागतात आणि माझी वहिनी नातवंडांना शाळेत पाठवत नाही. तुम्ही म्हणालात, तुमचं माहेर आहे, माहेरी तुम्हाला कोण अडवेल? माहेर म्हटलं की बाई हलते, हे तुम्हाला चांगलं माहीत होतं.

त्या दुपारी हॉलच्या मागच्या खोलीत मी शालू नेसले. तुम्ही मुकुट ठेवलात. हात थंड होते तुमचे. मी पाटावर बसले. बाहेर खुर्च्या लागत होत्या, बायका बोलत होत्या, माझ्या लहानपणीच्या दोघींचा आवाज मी ओळखला पण. मग ते आवाज बदलले. कसे सांगू? माणसं तितकीच, पण बोलणं खाली आलं. एक जण आत आला, कोपऱ्यात दुसऱ्याच्या कानाला लागला, दोघे बाहेर गेले. बबन आला, माझ्याकडे बघून त्याने सवयीने हात जोडले, आणि तसाच परत गेला. मला विचारायचं होतं, अरे काय झालं? पण मुकुट डोक्यावर. मी बोलायचं नाही, माझ्याशी कोणी बोलायचं नाही. सगळ्यांना माहीत होतं काय चाललंय, फक्त देवीला कोणी सांगेना. बाहेर खुर्च्या ओढल्याचा आवाज यायला लागला. मग पंखा बंद झाला.

मग तुम्ही आलात. वहिनी नाही म्हणालात, देवी नाही म्हणालात. नुसतं, "चला."

मागच्या दाराने निघालो. गाडीत बसले तर मुकुट छताला लागायला लागला. मान वाकडी करून किती जाणार? शेवटी मीच दोन्ही हातांनी काढला आणि मांडीवर ठेवला. तुम्ही आरशात बघितलंत. पुढे टोल आला. तिथल्या पोराने गाडीत डोकावलं. हिरवा शालू, कपाळभर कुंकू, मांडीवर मुकुट. त्याने एकदम हात जोडले आणि म्हणाला, जय माताजी. माझा पण हात वर गेला, काय करणार. गाडी पुढे गेल्यावर तुम्ही हसायला लागलात. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. म्हणालात, वहिनी, एक प्रेक्षक मिळाला. मग इंदूर गेलं, आणि आपल्या टेकरीचे दिवे दिसले.

घरी येऊन शालूची घडी घालताना माझ्या ध्यानात आलं. नारळ धारलाच राहिला. उतरवण झालीच नाही. मंडळात असं आजवर कधी झालं नव्हतं. आपल्याच लोकांच्या हातून, आपलीच रीत, गडबडीत राहून गेली.

मी दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन वर आले. म्हटलं, उतरवण करून टाका. तुम्ही म्हणालात, नाटक झालंच नाही तर उतरवण कसली? झालं की करीन, रंगमंचावर करीन. मी म्हटलं, मग मी काय अशीच राहू? चहा पण नाही प्यायचा? तुम्ही म्हणालात, मुकुट तुम्ही आपल्या हाताने काढलात, म्हणून चहा चालेल, पण पूर्ण सुटका नाही. त्या दिवसापासून सकाळी खाली आलात की विचारायचात, माताजी, चहा मिळेल का? मी म्हणायचे, माताजींनी भांडी घासून ठेवली आहेत, तुम्ही विसळा. तुम्ही विसळायचात पण. अर्चना पदर तोंडाला लावून हसायची.

मी पण हसायचे. पण आत धाकधूक सुरूच. माझा गुडघा सुजला, मला वाटलं त्याचंच. विलास स्कूटरवरून पडला, वाटलं त्याचंच. मग तुमची शुगर वाढली, पाय काळा पडायला लागला. मला अडाणी म्हणा. मी नवीन नारळ आणायचे, तो सुकायचा, मग दुसरा. दर वेळी तुमचं एकच. उतरवलं म्हणजे संपलं वहिनी, अजून तर सुरूच नाही झालं. हट्टी माणूस. ज्या गोष्टीने मला भीती वाटायची तीच तुम्ही आशा म्हणून धरून ठेवली होतीत.

इंदूरच्या दवाखान्यात मी पिशवीत नारळ आणला होता. नर्सने विचारलं, अम्मा, यात काय? म्हटलं, नारळ. तिला वाटलं नवसाचा. तुम्ही पिशवीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. मी पिशवी पायाने पलंगाखाली सरकवली. नारळ काढला असता तर तुम्हाला कळलं असतं की आता तुम्ही उठणार नाही हे मी समजून चुकले. तुम्हाला कळलं होतंच म्हणा. तुम्ही म्हणालात, "वहिनी, शेवटची ओळ म्हणा ना."

मी म्हटलं, इथे?

"हळू म्हणा."

शेजारच्या पलंगापाशी कोण कुठले लोक बसले होते. एकाच्या कपाळाला मोठा टिळा होता. डबा खात होते बिचारे. मी म्हटलं, घरी गेल्यावर म्हणते. दवाखान्यात, मरणाऱ्या माणसासमोर एक ओळ म्हणायला मी आजूबाजूला बघितलं, भाऊजी. भीती कुठपर्यंत आत येते बघा. तुम्ही रागावला नाहीत. डोळे मिटून घेतलेत. घरी काही तुम्ही आला नाहीत, म्हणजे आलात तसे आलात.

तर आज श्रीकांत. उठला, पण जाईना. शेवटी बोलला की मंडळाच्या काही मुलांचं म्हणणं आहे, रविवारी त्या नाटकाचा शेवटचा भाग करू, सरांना तीच श्रद्धांजली. कमिटीने सांगितलं, घरचे म्हणत असतील तर विचार करू. एवढं सांगून तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणजे घरच्यांनी म्हणू नये. विलास दुकानावरून जेवायला आला होता, तो तिथेच उभा, हातातला घास तसाच. दोघं माझ्या तोंडाकडे बघून राहिले. सगळ्या जन्मात माझ्या हो-नाहीला कोणी इतकं महत्त्व दिलं नव्हतं.

मी म्हटलं, नाटक नको.

श्रीकांतचा श्वास सुटलेला ऐकू आला. विलासने घास खाल्ला. मग मी म्हटलं, पण चार जण बोलणार आहेत ना, तर मी पण दोन शब्द बोलेन. श्रीकांत म्हणाला, जरूर वहिनी, तुमचा तर पहिला हक्क. मी म्हटलं, बोलताना माझा घसा कोरडा पडतो रे. स्टेजवर पाणी ठेवशील? बाटली नको, मला बाटलीने पिता येत नाही. तांब्या ठेव.

"हो हो, पाण्याला कोण काय म्हणणार," असं म्हणून तो चपला घालायला लागला.

अर्चना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने या घरात ते नाटक इतक्या वेळा ऐकलंय की भाजी चिरताना पुटपुटायची. तिने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. मग ती श्रीकांतला म्हणाली, "तांब्या मी घरूनच आणते, आपला पितळेचा. आणि आईंना मीच नेऊन देईन. दुसऱ्या कोणी देऊ नका." विलास म्हणाला, एवढं काय त्यात? ती म्हणाली, त्यांचा हात थरथरतो हो, म्हणून.

थरथरतोच आहे भाऊजी. आत्ता लिहिताना पण. गाडीचा हॉर्न वाजला तरी मी खिडकीशी जाते. कोणी ओळखलं तर? तालमीला होते ते तर ओळखतीलच. त्यांनी रडावं की उठून बाहेर जावं ते त्यांचं ते बघतील. कोणी मोबाइल वर धरला तर त्यात काय येईल? पांढऱ्या पातळातली एक म्हातारी, डोक्यावर पदर, मागे दिराचा फोटो, आणि सून तिला पाणी देते आहे. त्याच्याखाली कोणी प्रश्नचिन्ह टाकलं तर टाको. मुकुट ट्रंकेतच राहील. तो डोक्यावर नसला तरी मला आता तो जाणवतो. ज्याची उतरवण झाली नाही त्याला परत चढवायचा कशाला?

नारळ पण पिशवीत घातला आहे. फोडायला नाही. तुमच्या फोटोपुढे ठेवणार आणि घरी परत आणणार. फोडणारा तुमच्याशिवाय कोणी नाही, आणि आता कोणी पुढे आला तरी मी नको म्हणेन. तुमच्याशी इतकी वर्षं वाद घातला की सोडवा मला. आता राहू द्या.

एकाच गोष्टीची काळजी आहे. तालमीत तांब्या रिकामा असायचा. मी नुसता तोंडाला लावायचे आणि ओळ म्हणून टाकायचे. तुम्ही लगेच विंगेतून दोन बोटं वर करायचात. म्हणायचात, "घाई, वहिनी. ती कधीची तहानलेली आहे. आधी पिऊ द्या तिला." मी म्हणायचे, रिकाम्या तांब्यातून किती वेळ पिऊ? तुम्ही म्हणायचात, खेळाच्या दिवशी भरून देऊ.

रविवारी अर्चना भरून देणार आहे. मी आधी पिईन भाऊजी. पुरतं पिईन. मग म्हणेन.